अकरा जागांचा हिशेब

क्रिकेटचा संघ अकरा जणांचा असतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीही एखादा महान खेळाडू उताराला लागला आणि त्याला वगळावे की ठेवावे असा वाद सुरू झाला, की सर्वांत आधी विसर पडतो तो याच गोष्टीचा. वाद त्या खेळाडूच्या बाजूने आणि विरुद्ध असा रंगतो. एक पक्ष त्याच्या जुन्या पराक्रमांची यादी वाचतो, दुसरा पक्ष त्याच्या अलीकडच्या अपयशांची. त्याच्या जागेवर रास्त हक्क सांगणारा जो बारावा किंवा तेरावा कोणी असतो, त्याचे नाव या वादात सहसा निघत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी पाच दिवसांच्या अंतराने कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, तेव्हा आमच्या प्राध्यापक-कक्षात हा वाद पुन्हा झाला. "ज्याने इतकी वर्षे दिली, त्याला एक शेवटची मालिकाही मिळू नये काय?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कळवळून विचारले. प्रश्न भावनेचा होता आणि भावना खोटी नव्हती. पण अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नातील 'दिली' हे क्रियापद खटकल्यावाचून राहत नाही. जे दिले ते दिले गेले. त्याचे मोल धावांच्या, पैशाच्या आणि लोकांच्या प्रेमाच्या रूपाने चुकतेही झाले. पुढच्या कसोटीत किती धावा होतील, याचे उत्तर त्या जुन्या खात्यात सापडत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत होऊन गेलेल्या खर्चाला बुडीत खर्च म्हणतात आणि पुढचा निर्णय घेताना तो जमेस धरू नये असे सांगतात. होऊन गेलेल्या पराक्रमालाही तोच नियम लावायला हवा. फरक इतकाच, की खर्च विसरणे सोपे असते आणि पराक्रम विसरणे कृतघ्नपणाचे वाटते.

या प्रश्नाची खरी परीक्षा पाहणारे उदाहरण मात्र कोहलीचे नव्हे, सचिन तेंडुलकरचे आहे. कारण त्याच्या बाबतीत निर्णय सर्वांत अवघड होता, आणि आपण सर्वांनी तो घ्यायचे टाळले.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जानेवारीत केपटाउनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने १४६ धावा केल्या, ते त्याचे ५१ वे कसोटी शतक. त्या सामन्याअखेर १७७ कसोटींत त्याच्या १४,६९२ धावा झाल्या होत्या आणि सरासरी ५६.९४ होती. त्या क्षणी तो थांबला असता, तर आजचा हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. त्यानंतर तो आणखी २३ कसोटी खेळला. त्यांत १,२२९ धावा झाल्या, सरासरी ३२ च्या आसपास राहिली आणि शतक एकही झाले नाही. वानखेडेवर ९४ आणि ओव्हलवर ९१ एवढीच काय ती शतकाच्या उंबरठ्यापर्यंतची मजल. एकूण सरासरी उतरत उतरत ५३.७८ वर आली. या काळाचा बराच भाग शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकाच्या प्रतीक्षेने व्यापला होता. नव्व्याण्णवावे शतक १२ मार्च २०११ रोजी नागपूरला झाले आणि शंभरावे १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. दोन्ही सामने भारत हरला. मीरपूरला त्याने केलेल्या ११४ धावांचा जयघोष देशभर झाला. सामन्याचा निकाल कित्येकांच्या लक्षातही राहिला नाही.

एवढे आकडे मांडले की उतावीळ माणूस म्हणतो, मग २०११ मध्येच त्याला काढायला हवे होते. येथे मात्र माझे मत वेगळे आहे. खेळाडू उताराला लागला हे ठरवताना आपण त्याची तुलना त्याच्याच तारुण्याशी करतो. ही तुलना काव्याच्या दृष्टीने योग्य असेल, निवडीच्या दृष्टीने चुकीची आहे. निवड समितीने विचारायचा प्रश्न असा असतो: याच्या जागी जो येईल, तो याच्यापेक्षा अधिक देईल काय? या कसोटीवर २०११ चा सचिन उत्तीर्ण होत होता. इंग्लंडमधील त्या उन्हाळ्यात भारत ०-४ असा हरला. राहुल द्रविडने तीन शतकांसह ४६१ धावा केल्या, आणि त्याच्या खालोखाल, बऱ्याच अंतराने का होईना, २७३ धावा सचिनच्याच होत्या. पाठोपाठच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पुन्हा ०-४. तेथे कोहलीच्या ३०० आणि सचिनच्या २८७. नव्वद गुण मिळवणारा विद्यार्थी साठांवर आला म्हणून हळहळ वाटते हे खरे. पण वर्गात दुसरा क्रमांक अजून त्याचाच असेल, तर त्याला वर्गाबाहेर कसा काढणार?

२०१२ मध्ये चित्र पालटले. द्रविडने मार्चमध्ये निवृत्ती घेतली. ऑगस्टमध्ये व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने तर संघात निवड झालेली असताना, स्वतःच्या हैदराबादेत होणारी कसोटी समोर असताना, निरोप घेतला. न्यूझीलंडविरुद्धच्या त्या दोन कसोटींत सचिनने १९, १७ आणि २७ धावा केल्या आणि तिन्ही वेळा तो त्रिफळाचित झाला. क्रिकेट पाहणाऱ्याला त्रिफळा उडण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. झेल जाण्यात दैवाचा वाटा असतो. चेंडू बॅट आणि पॅड यांच्यामधून आत येऊन यष्ट्या वारंवार उखडतो, तेव्हा डोळ्यांनी जे पाहिले ते पायांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरात इंग्लंडविरुद्ध चार कसोटींत ११२ धावा झाल्या. त्यांपैकी ७६ कोलकात्याच्या एका डावातल्या; उरलेल्या पाच डावांत मिळून ३६. आता ती 'वर्गात दुसरा' ही सबब उरली नव्हती. भारत ती मालिका मायदेशी १-२ अशी हरला. इंग्लंडने भारतात कसोटी मालिका जिंकण्याची ही १९८४-८५ नंतरची पहिलीच वेळ होती.

त्या जुन्या मालिकेची आठवण केवळ योगायोग म्हणून काढलेली नाही. १९८४ च्या डिसेंबरात दिल्लीची कसोटी भारत हरला. दुसऱ्या डावात कपिलदेव आणि संदीप पाटील हे दोघे बेजबाबदार फटके मारून बाद झाले, असा ठपका ठेवून पुढच्या कोलकाता कसोटीतून दोघांनाही वगळण्यात आले. ईडन गार्डन्सवर कपिलसाठी घोषणा झाल्या. कपिल नाही तर कसोटी नाही, अशी भाषा झाली. कपिल पुढच्याच सामन्यात परतला. कोलकात्याची ती कसोटी सोडली, तर आपल्या साऱ्या कारकीर्दीत तो एकाही कसोटीला मुकला नाही. पाटील मात्र परतले नाहीत. अठ्ठावीस वर्षांच्या, २९ कसोटी खेळलेल्या, मुंबईच्या मैदानांवर ज्याच्या फटक्यांची दंतकथा झाली होती अशा फलंदाजाची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. कारण कोलकात्याला महंमद अझरुद्दीन नावाच्या कोवळ्या पोराने पदार्पणात ११० धावा केल्या, आणि पुढच्या दोन्ही कसोटींत आणखी दोन शतके ठोकली.

आता नियतीची गंमत पाहा. २०१२ च्या सप्टेंबरात निवड समितीचे अध्यक्ष झाले ते हेच संदीप पाटील. वगळले जाणे म्हणजे काय हे ज्याने अंगावर सोसले होते, त्याच्याच हाती सचिनचा निर्णय आला. पुढे २०१६ मध्ये, अध्यक्षपद सोडल्यावर, पाटील यांनी एका मराठी वृत्तवाहिनीला त्याची हकीकत सांगितली. त्यांच्या सांगण्यानुसार १२ डिसेंबर २०१२ रोजी, नागपूर कसोटीच्या आदल्या दिवशी, निवड समिती सचिनला भेटली आणि पुढचा बेत काय असे तिने त्याला विचारले. निवृत्तीचा विचार नाही, असे उत्तर मिळाले. समितीचे मात्र तोवर एकमत झाले होते. पुढे २३ डिसेंबरला त्याने एकदिवसीय सामन्यांतून निवृत्ती जाहीर केली. कसोटी खेळणे चालू राहिले.

पाटील यांच्या सरळपणाबद्दल मला आदर आहे. आपल्याकडे निवृत्त झाल्यावरही कोणी एवढे बोलत नाही. तथापि त्या भेटीत जे घडले ते पद्धत म्हणून मला मान्य होत नाही. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्यालाच निर्णय विचारणे हे वरवर पाहता सौजन्य वाटते. खरे पाहता हा आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा प्रकार आहे. परीक्षार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासावी असे आपण कोणत्याच परीक्षेत म्हणत नाही. शिवाय ज्या गुणाने माणूस महान झालेला असतो, तोच गुण त्याला थांबू देत नाही. पुढच्या डावात आपण धावा करणारच, हा हट्टी विश्वास नसता तर सोळाव्या वर्षी पाकिस्तानात नाकावर चेंडू बसल्यावरही तो मुलगा खेळपट्टीवर उभा राहिला नसता. त्या विश्वासाला चाळिशीच्या उंबरठ्यावर 'आता पुरे' असे म्हणायला सांगणे म्हणजे विहिरीला आपले पाणी मोजायला सांगणे आहे. पाणी बाहेरच्यानेच मोजायचे असते, आणि निवड समिती नावाची गोष्ट त्यासाठीच असते.

विजय मर्चंट यांचा दाखला या ठिकाणी हमखास दिला जातो. लोक 'का जातोस' असे विचारतात तेव्हाच जावे, 'का जात नाहीस' असे विचारीपर्यंत थांबू नये, अशा आशयाचे त्यांचे मत प्रसिद्धच आहे. १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून त्यांनी आपली अखेरची कसोटी संपवली. ती त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या. सुनील गावसकरने १९८७ मध्ये बंगळूरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा केल्या आणि पुन्हा कसोटी खेळला नाही. ही उदाहरणे मनोहर आहेत. पण मर्चंटांच्या निवृत्तीत त्याच सामन्यात झालेल्या खांद्याच्या दुखापतीचाही हात होता, हे आपण सोयीने विसरतो. आणि ज्याला वेळेवर थांबण्याचे शहाणपण सुचले त्याचे कौतुक करता करता, ज्याला ते सुचले नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो. व्यवस्था अपवादांच्या शहाणपणावर चालत नाही.

नोकरदार वाचकांना याची जाणीव अधिक असेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिलेली असते आणि तिच्यातूनच जाण्याची तारीखही निघते. नियत वयोमानानुसार निवृत्ती, शाल, श्रीफळ, चार भाषणे, उपाहार. या रूक्ष व्यवस्थेला आपण हसतो. तिच्यामुळे उत्तम शिकवणारा माणूस साठीला घरी बसतो आणि पिवळ्या पडलेल्या वह्यांतून टिपणे घालणाराही साठीपर्यंत सुखाने टिकतो, हेही खरे. पण तिच्यात एक मोठी दया दडलेली आहे. कोणालाही कोणाच्या तोंडावर 'तुम्ही संपलात' असे म्हणावे लागत नाही. क्रिकेटने अशी तारीख ठेवलेली नाही, आणि ठेवू नये. पण मग ती कडू गोष्ट कोणी तरी बोलायला हवी.

ऑस्ट्रेलियात ती बोलली जाते. १९९९ मध्ये यष्टिरक्षक इयान हीलीच्या नावावर ११९ कसोटी आणि ३९५ बळी होते. तेव्हाचा तो विश्वविक्रम. त्याची फलंदाजी आटली होती. आपल्या गावी, ब्रिस्बेनला, एक शेवटची कसोटी खेळून निरोप घ्यावा अशी त्याची इच्छा होती. निवड समितीने ती मानली नाही. त्या कसोटीत ॲडम गिलख्रिस्टने पदार्पण केले आणि ८१ धावा केल्या. पुढच्या होबार्ट कसोटीत पाकिस्तानने ३६९ धावांचे आव्हान दिले असता त्याने नाबाद १४९ धावा करून सामना जिंकून दिला. हीलीला एक सामना द्यायला काय हरकत होती, असे मलाही वाटते. पण तो एक सामना गिलख्रिस्टचा होता, हेही मग कबूल करावे लागते.

आमच्या शास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. एका गोष्टीची निवड केली म्हणजे जी दुसरी गोष्ट सोडावी लागली, ती हीच पहिलीची खरी किंमत. विद्यार्थ्यांना ही कल्पना समजावणे कठीण जाते, कारण सोडलेली गोष्ट कोठेही नोंदली जात नाही. धावफलकावर न खेळलेल्या माणसाचे नाव नसते.

जवागल श्रीनाथचे उदाहरण घ्या. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने कसोटी पदार्पण केले. मायदेशातील पहिली कसोटी त्याला खेळायला मिळाली ती १९९४ च्या नोव्हेंबरात, वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत, वय पंचवीस. मधल्या काळात भारतातल्या फिरकीला अनुकूल खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजांना जागाच कमी, आणि असलेल्या जागांपैकी एक कपिलदेवची. कपिल रिचर्ड हॅडलीच्या ४३१ बळींच्या विक्रमाकडे एकेक पाऊल टाकीत चालला होता. ८ फेब्रुवारी १९९४ रोजी अहमदाबादला त्याने श्रीलंकेच्या हशन तिलकरत्नेला बाद केले आणि विक्रम मागे टाकला. देशाने आनंद केला. मीही, शाळकरी वयात, केला. कपिल तोवर अगदीच निकामी झाला होता असे नव्हे. त्याच्या आदल्या दौऱ्यांपैकी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात पोर्ट एलिझाबेथला त्याने काढलेले १२९ धावांचे शतक विसरता येत नाही. पण वेगवान गोलंदाजाच्या खांद्यातली वर्षे ही नाशवंत वस्तू आहे. ती कणगीत साठवून ठेवता येत नाहीत. वानखेडेवरच्या त्या पहिल्या कसोटीत श्रीनाथने दुसऱ्या डावात ६० धावाही केल्या आणि वेस्ट इंडीजचे चार बळीही घेतले. १९९७ मध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याने २३६ कसोटी बळींवर कारकीर्द संपवली. बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षांत आणखी किती मिळाले असते याचा हिशेब कोणीच मांडू शकत नाही, आणि म्हणूनच तो कोणी मागतही नाही.

सचिनच्या काळातला असा माणूस अजिंक्य रहाणे. २०११ च्या अखेरीपासून तो कसोटी संघाबरोबर होता. प्रत्यक्ष पदार्पण झाले २०१३ च्या मार्चमध्ये दिल्लीला. दरम्यान तो काय करीत होता? पाणी नेत होता, बदली क्षेत्ररक्षण करीत होता. त्याची वाट एकट्या सचिनने अडवली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. द्रविड आणि लक्ष्मण गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागांवर इतरांना बसवण्यात आले. शिवाय दिल्लीच्या त्या कसोटीत रहाणेने ७ आणि १ अशा धावा केल्या, हेही लपवण्याचे कारण नाही. नवा माणूस आला की तो गिलख्रिस्टच निघतो असे नाही.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्या वर्षांत मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. ज्यांना ही संज्ञा परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: जितके तास घ्यावेत तितक्याचे पैसे मिळतात, सुट्टीचे मिळत नाहीत, आणि दर जूनमध्ये आपण पुन्हा नव्याने उमेदवार होतो. अशी नऊ वर्षे मी काढली. जागा भरली जाईल या आशेवर पात्रता परीक्षा झाली, दुसऱ्या विषयाच्या परीक्षेच्या पर्यवेक्षणाची कामे झाली, लग्न लांबले. सांगायचे ते हे, की बाराव्या माणसाचे आयुष्य मी स्वतः जगत असतानाही, २०१२ मध्ये सचिनला वगळावे असे कोणी म्हटले की मी तावातावाने भांडत असे. रहाणे माझ्या मनातही येत नसे. ज्याला स्वतःला रांगेत उभे केलेले आहे, तोही रांगेतल्या दुसऱ्याकडे पाहत नाही. त्याचे डोळे सिंहासनाकडेच लागलेले असतात. हे मला त्या वेळी कळले नाही. पुढे कायम झाल्यावर, दुसऱ्या एका तरुण शिक्षिकेला माझ्यासमोर दर जूनला अर्ज भरताना पाहिले, तेव्हा कळले.

मंडळाचे गणित अर्थात निराळे होते. प्रेक्षकाची मागणी सचिनच्या धावांना नव्हती, त्याच्या दर्शनाला होती. आणि दर्शनाची सीमांत उपयोगिता, आमच्या सिद्धांताला न जुमानता, घटण्याऐवजी वाढत चालली होती. शेवट जवळ येईल तशी प्रत्येक खेळी अधिक मोलाची. कारणे काहीही असोत, दक्षिण आफ्रिकेचा दौरा दोन कसोटींपुरता आखडला, त्याआधी वेस्ट इंडीजला दोन कसोटींसाठी येथे बोलावले गेले आणि दोनशेवी कसोटी घरच्या वानखेडेवर आली. दोन्ही कसोटी तीन-तीन दिवसांत संपल्या. व्यापार म्हणून यात वावगे काही नाही. नाटक कंपन्याही जुन्या नटाचा शेवटचा प्रयोग म्हणून तिकिटे विकत आल्या आहेत. पण निवड समिती ही तिकीटखिडकी नव्हे, आणि देशाच्या संघातली जागा हे निवृत्तिवेतनही नव्हे. सत्कार करायचा तर थैली द्यावी, मैदानाला नाव द्यावे, पुतळा उभारावा. हे सारे आपण पुढे केलेच. त्यासाठी डिसेंबर २०१२ पासून पुढचे अकरा महिने चौथ्या क्रमांकाची जागा खर्ची घालणे आवश्यक नव्हते.

ती जागा मोकळी झाल्यावर काय झाले? महिन्याभरात, २०१३ च्या डिसेंबरात, जोहान्सबर्गला डेल स्टेन आणि मॉर्ने मॉर्केल यांच्यासमोर चौथ्या क्रमांकावर कोहली उतरला आणि ११९ व ९६ धावा करून आला. पुढच्या डर्बन कसोटीत रहाणेने नाबाद ५१ आणि ९६ केल्या. सहा वर्षांनी, २०१९ अखेर, कोहलीची कसोटी सरासरी ५४.९७ होती. त्यानंतरच्या ३९ कसोटींत ती ३१ ला पोहोचली नाही. आता तो स्वतः उताराला लागला होता, आणि त्याच्या बाजूने तेच युक्तिवाद, जवळपास त्याच शब्दांत, केले जात होते. २०२५ मध्ये तो गेल्यावर इंग्लंडमध्ये चौथ्या क्रमांकावर शुभमन गिलने पाच कसोटींत ७५४ धावा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात मायदेशी भारत दक्षिण आफ्रिकेकडून ०-२ असा हरला, तेव्हा 'जुने असते तर' अशी हाकाटीही लगेच सुरू झाली. तिलाही माझे उत्तर तेच आहे: तुलना कोणत्या जुन्याशी? २०१६ च्या की २०२४ च्या?

रोहित शर्माने मात्र एक गोष्ट केली, तिची नोंद व्हायला हवी. ऑस्ट्रेलियातल्या पाच डावांत मिळून ३१ धावा झाल्यावर २०२५ च्या जानेवारीतील सिडनी कसोटीत, कर्णधार असूनही, तो बाहेर बसला. धावा होत नाहीत म्हणून बसलो, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. कदाचित त्याला रांगेची आठवण अधिक असेल. २०१० मध्ये नागपूरला कसोटी पदार्पणाच्या दिवशी सकाळीच त्याचा पाय मुरगळला. त्यानंतर पहिली कसोटी मिळायला त्याला जवळपास पावणेचार वर्षे लागली. ती मिळाली कोलकात्याला, सचिनच्या एकशेनव्व्याण्णवाव्या कसोटीत. सचिनने त्यात १० धावा केल्या, रोहितने १७७.

सचिनचा शेवटचा सामना मी घरी बसून पाहिला. १६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. तो खेळपट्टीला हात लावून परतला तेव्हा मी रडलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात संधी खर्च शिकवताना मी सहज विचारले, त्या सामन्यात भारताकडून शतक कोणी केले? मुले तेव्हा सात-आठ वर्षांची असतील. पण क्रिकेटचा इतिहास त्यांना पाठ असतो. मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, "शतक नाही झाले सर, सचिनच्या ७४ होत्या." त्या डावात चेतेश्वर पुजाराच्या ११३ होत्या, आणि रोहितच्या नाबाद १११.